व्याज किती?

पाथरीत ‘क्रेडिट’ म्हटलं की बापाला आधी कृषी केंद्राची उधारीची वही आठवते. त्यामुळे पोरानं ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये माझं खातं आहे’ म्हणताच त्यांनी विचारलं, “व्याज किती?” प्रश्न रास्तच होता. व्याज नाही, पण अभ्यासातून जमा झालेलं क्रेडिट सात वर्षांत वापरावं लागतं, हे ऐकून ते थोडे सावरले.

2020च्या शैक्षणिक धोरणानं पदवीला जागोजागी थांबे दिलेत. एका वर्षानं उतरलात तर प्रमाणपत्र, दोननं पदविका, तीननं पदवी, चारनं ऑनर्स. संशोधनासह ऑनर्स हवं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के.

अशा वेळी पालकांनी काय करावं, हे सांगणारे शहरात पुष्कळ. मुलाचा ताण ओळखा, त्याला ‘स्पेस’ द्या! घरात खोली एक, माणसं पाच. मग बापच रात्री पाणी द्यायला शेतात जातो. नाहीतरी मोटारीची वीज बऱ्याचदा तेव्हाच असते. माय चहा ठेवते आणि टीव्हीचा आवाज बंद करून मालिका बघते. ह्याला समुपदेशन म्हणत नाहीत, एवढंच.

खरी भीती मामांची. आमच्याकडे चौथ्या वर्षीही कॉलेजात दिसणारा पोरगा म्हणजे विषय राहिलेला. नवा अभ्यासक्रम बहुतेक कॉलेजांत 2024ला लागला, म्हणजे चौथं वर्ष यायचंय 2027ला. मामांनी तालीम आत्ताच सुरू केलीय.

“तीन वर्षांनी काय करायलंय लेकरू?”

“ऑनर्स.”

“ओनर? कशाचा?”