पडदापारखी

नवा टॅब्लेट घरी आला की सर्वसाधारण माणसं तो चार्जिंगला लावतात, वायफायचा पासवर्ड घालतात आणि तासाभरात त्याच्यावर तुपकट बोटांचे ठसे उमटवून मोकळी होतात. पडदापारख्याच्या घरी असा अविचार चालत नाही. तिथे आधी बंद खोक्याचा व्हिडिओ निघतो: सील, लेबल, सिरियल नंबर, चारही कोपरे. मोबाइल धरणाऱ्याला 'हात हलवू नकोस' असं दोनदा बजावलं जातं. पडद्यावरची पातळ फिल्म काढायची नाही, कारण ती काढली की माल 'वापरलेला' ठरेल, अशी त्याला धास्ती असते. खरी तपासणी रात्री, जेवणं उरकल्यावर. खिडक्यांचे पडदे ओढायचे, दिवे घालवायचे, डासांच्या मशिनच्या लाल दिव्यानेही निकालात ढवळाढवळ करायला नको म्हणून तेही बंद करायचं. ब्राइटनेस शंभर टक्के, पडद्यावर सपाट काळं चित्र. मग लाल, हिरवं, निळं, पांढरं, आणि सर्वांत शेवटी करडं. करड्यावर भलेभले पडदे उघडे पडतात. घरातली बाकीची मंडळी अंधारात डास मारत बसलेली असतात आणि कोपऱ्यातून पारख्याचा आवाज येतो, 'खाली डावीकडे बघ. दिसलं?' कोणालाच काही दिसलेलं नसतं. 'हो' म्हटलं तर दिवे लागतील एवढ्याच आशेने सगळे 'हो' म्हणतात.

हा माणूस कंजूष असतो असा एक गैरसमज आहे, तो आधी दूर केला पाहिजे. कंजूष माणूस टॅब्लेट घेतच नाही; मुलाला स्वतःचा जुना मोबाइल देतो आणि चष्म्याच्या नंबराचं पुढे बघू म्हणतो. पडदापारखी महिनाभर परीक्षणं वाचतो, तक्ते करतो, दसऱ्याच्या सेलपर्यंत थांबतो आणि ठरवल्यापेक्षा चार हजार जास्त देऊन वरचं मॉडेल घेतो. तो बँकेत असेल, कॉलेजात शिकवत असेल, हिंजवडीला जात असेल. धंद्याने फरक पडत नाही. त्याला उत्तम वस्तू हवी असते आणि ती उत्तम असल्याचा दाखलाही हवा असतो. त्याच्याविषयी माझं म्हणणं एवढंच आहे की त्याला सापडणारा दोष पडद्यात असतो हे खरं असलं, तरी तो मोठा होतो परतीच्या मुदतीमुळे. मुदत दहा दिवसांची असेल तर दोष दहा दिवस वाढतो. अकराव्या दिवशी तो दिसेनासा होतो, आणि त्यासाठी पडद्याला कोणी हातही लावलेला नसतो.

आधी दोषाची बाजू ऐकून घेऊ. १०.४ इंची, २००० बाय १२०० पिक्सेलचा एक साधा टॅब्लेट घेतला तर त्याच्या पडद्यावर २४ लाख पिक्सेल असतात. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल, म्हणजे ७२ लाख बारीक झडपा, आणि प्रत्येक झडपेमागे तिचा स्वतःचा ट्रान्झिस्टर. पिक्सेलची रुंदी सुमारे ०.११ मिलिमीटर, एखाद्या जाडसर केसाएवढी. एवढ्या गर्दीत एखादी झडप मिटलेली किंवा उघडी अडकून बसली, तर नवल ती एकच अडकली याचं वाटायला हवं. कारखानदारांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणून २००१ सालच्या आयएसओ १३४०६-२ या मानकात अशा ठिपक्यांची रीतसर प्रतवारीच केलेली होती. दुसऱ्या वर्गातल्या पडद्याला दर दहा लाख पिक्सेलमागे कायम उजळलेले दोन, कायम काळे दोन आणि उपपिक्सेलचे पाच दोष माफ होते. त्या हिशेबाने आपला २४ लाखांचा पडदा वीसेक ठिपके घेऊनही पास झाला असता. पुढे त्या मानकाची जागा आयएसओ ९२४१ मालिकेने घेतली, पण वर्ग राहिले. २००१ च्या मानकात शून्य दोषांचा पहिला वर्गही होता. पडदापारखी मनाने कायम त्याच वर्गात बसलेला असतो.

दुसरी तक्रार कोपऱ्यातून झिरपणाऱ्या उजेडाची. एलसीडी पडदा स्वतः उजळत नाही. कडेला एलईडीची पट्टी असते, तिचा उजेड एका पातळ पारदर्शक थरातून पडदाभर पसरतो आणि समोरचा द्रवस्फटिकांचा थर तो हवा तिथे अडवतो. पूर्ण अडवणं त्याला जमत नाही. नेहमीच्या आयपीएस पडद्यात पांढऱ्याचा साधारण हजारावा भाग काळ्यातूनही निसटतो, आणि कोपऱ्यावर चौकटीचा दाब जरा कमीजास्त झाला की तिथून थोडा अधिक. भरदिवसा, पुस्तक वाचताना, मुलाचा ऑनलाइन क्लास चालू असताना हा उजेड दिसायचं काही कारण नाही. तो दिसावा म्हणून अंधार, काळं चित्र आणि पूर्ण ब्राइटनेस या तिन्ही गोष्टी एकदम जमून याव्या लागतात, आणि असा योग आयुष्यात एकदाच येतो: तपासणीच्या रात्री. त्यात पारखी मोबाइलने पडद्याचा फोटो काढतो. अंधारात मोबाइलचा कॅमेरा आपणहून जास्त वेळ उजेड गोळा करतो, त्यामुळे डोळ्यांना जेमतेम जाणवणारी झाक फोटोत सूर्योदय होऊन येते. हा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर जातो. न्यू जर्सीतला मेहुणा दोनच शब्द पाठवतो, 'परत कर'. त्याच्याकडे दुकानात जाऊन परत करणं म्हणजे गाडी काढून फेरफटका असतो. सासरे अंगठा दाखवतात. तो कशाला दाखवला हे कोणी विचारत नाही. तिथून पुढे खटला पडद्याचा राहत नाही, फोटोचा होतो.

पारखणं आपल्या रक्तातच आहे, असा बचाव पुढे येईल. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय आपण पाव किलो घेत नाही, मग पंचवीस हजारांचा पडदा डोळे झाकून घ्यायचा? दाखला चांगला आहे, पण तो पारख्याच्याच अंगावर उलटतो. भेंडीचं टोक मोडलं की निकाल तिथल्या तिथे लागतो आणि संध्याकाळी तिची भाजी होते. भाजीवालीने दहा दिवसांची मुदत देऊन 'रोज एक मोडून बघा, पटली नाही तर परत आणा' असं सांगितलं असतं, तर महाराष्ट्रात भेंडीची भाजी झालीच नसती. मुदत माणसाचं काय करते, हे डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी हार्वर्डमध्ये फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर पाहिलं. त्यांचा निबंध २००२ साली आला. विद्यार्थ्यांना आपल्या दोन आवडत्या छायाचित्रांपैकी एक ठेवायचं आणि एक द्यायचं होतं. काहींना पुढचे काही दिवस अदलाबदलीची मुभा होती, काहींना अजिबात नव्हती. ज्यांना मुभा नव्हती, त्यांना स्वतःचं छायाचित्र जास्त आवडलं. मुभावाले मनात तराजू धरून बसले. आणि गंमत ही की पुढे असं होईल, हे अंदाज विचारल्यावर विद्यार्थ्यांना सुचलंही नाही. मुभा मिळाली तर कोण नाही म्हणतो?

आपल्याकडे याचा पुरावा शोधायला हार्वर्डला जायचीही गरज नाही. १९८७ साली 'रामायण' सुरू झालं तेव्हा गावोगाव ते ज्या टीव्हींवर पाहिलं गेलं, त्यांच्या पडद्यावर मुंग्या येत होत्या, चित्र वर सरकत होतं आणि गच्चीवर कोणीतरी अँटेना फिरवत 'आता?' म्हणून ओरडत होतं. त्या पडद्यांवर रामाच्या चेहऱ्यावर जेवढे ठिपके होते, त्याच्या शतांशावर आज माल परत जाईल. तरी कोणी टीव्ही परत केला नाही, कारण 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी दुकानात गणपतीच्या तसबिरीशेजारीच लावलेली असायची. तेव्हाची माणसं समाधानी होती, असं मी म्हणत नाही. ती अडकलेली होती, आणि अडकलेला माणूस सवयीला लवकर लागतो.

त्या पाटीमुळेच पारख्याच्या बाजूचा खरा वजनदार मुद्दा पुढे येतो आणि तो टोलवून चालणार नाही. ती पाटी आपोआप उतरली नाही. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, देशात १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, २०१९ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा मंजूर झाला. या नव्या कायद्यात सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. इतक्या लोकांनी इतकी वर्षं भांडून मिळवलेला हक्क वापरणाऱ्याला आपण 'चिकट' म्हणायचं, हे कुठल्या न्यायात बसतं? शिवाय सगळेच 'चालतंय की' म्हणाले, तर कारखाना उद्या चाळीस ठिपक्यांचा पडदा पाठवेल. मला हे मान्य आहे. पारख्याने परत पाठवलेल्या प्रत्येक टॅब्लेटमुळे तुमच्या-आमच्या वाट्याला थोडा बरा टॅब्लेट येत असणार. तो समाजाचं काम करतो, फुकट करतो, आणि त्याला त्याचा काडीचाही आनंद मिळत नाही. माझा आक्षेप त्याच्या हक्काला नाही. हक्क दोषासाठी आहे आणि तो वापरतो शंकेसाठी. ज्या दोषासाठी दिवे घालवावे लागतात, तो दोष कायद्यापुढे मांडायला निदान अंधारकोठडी तरी हवी.

हा फरक सर्वांत स्पष्ट होतो तो तंत्रज्ञ घरी येतो तेव्हा. इकडे बऱ्याच ठिकाणी पैसे लगेच परत मिळत नाहीत. आधी माणूस येऊन पाहणी करतो, मग बदली माल. तो येतो भर दुपारी. बाल्कनीच्या उजेडात टॅब्लेट धरतो, दोनदा बोट फिरवतो आणि म्हणतो, 'यात तर काही दिसत नाही, सर.' पारखी त्याला बेडरूममध्ये नेतो. तिथेही पडद्याच्या फटीतून ऊन येतं. शेवटी घरातली एकच अंधारी जागा उरते आणि दोन प्रौढ पुरुष एक टॅब्लेट घेऊन बाथरूममध्ये जातात, आतून दार लावतात. बाहेर सासूबाई कपडे भिजवायला थांबलेल्या. आतून आवाज येत राहतात: 'थोडा तिरका धरा.' 'हां, आता?' 'कोपऱ्यात बघा ना!' तंत्रज्ञाला त्या दिवशी अजून बऱ्याच ठिकाणी जायचं असतं. तो बाहेर येऊन फॉर्मवर 'दोष आढळला' असं लिहून टाकतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तरी तेच लिहिलं असतं.

बदली टॅब्लेट येतो आणि गोष्ट संपायच्या ऐवजी नव्याने सुरू होते. एकाच मॉडेलला दोन वेगळ्या पुरवठादारांचे पडदे लागलेले असू शकतात, त्यामुळे नव्या तुकड्यात कोपरा स्वच्छ असतो, पण पांढरा रंग किंचित पिवळट. पहिल्याचा पांढरा बरा होता, हे आता पटतं. पण पहिला गेला. तो कुठे गेला? तपासून, पुसून, बऱ्याचदा नव्या खोक्यात घालून 'ओपन बॉक्स' किंवा 'रिफर्बिश्ड' म्हणून विकायला गेला. तो घेणारा गृहस्थ काही हजार वाचले म्हणून खुशीत असतो आणि तोच कोपरा रोज समोर ठेवून क्रिकेट बघतो. दोष तोच, पडदा तोच. एकाला त्यात खोट दिसते, दुसऱ्याला सौदा. यावर पारखी म्हणेल, 'त्याला दिसत नाही म्हणून दोष नाही असं होतं का?' होत नाही. कायम उजळून राहिलेला एक लाल ठिपका काळ्यावर खरोखर टोचतो. लहान आहे म्हणून चांदणी दिसायची थोडीच राहते? पडद्याच्या मधोमध तसा ठिपका असेल आणि तो वाचताना नजरेत येत असेल, तर पारख्याच्या बाजूने साक्ष द्यायला मीही येईन.

म्हणून निर्णयाची कसोटी मुदतीतच लावायची, पण उलट्या बाजूने. टॅब्लेट ज्यासाठी आणला त्यासाठी तीन-चार दिवस दिवे लावून सरळ वापरावा. शोधायला न जाता जो दोष नजरेत आला, तो दोष. त्यासाठी माल परत करायला लाजू नये आणि दुकानदाराने टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवावा. जो दोष दिवे घालवल्यावरच भेटतो, त्याला अंधारातच राहू द्यावं. तुमच्या घरी पडदापारखी असेल तर पाचव्या दिवशी टॅब्लेट त्याच्या हातातून काढून घ्या, फिल्म सोला आणि मुलांच्या ताब्यात द्या. एका दुपारीत त्यावर चॉकलेटचे एवढे डाग पडतील की करड्या चित्राचं प्रकरण आपोआप निकालात निघेल. खोका रद्दीत घालायला हरकत नाही. बिल मात्र जपून ठेवा, वॉरंटी वर्षभराची असते.