डोणगावात विजेच्या वेगाने वाट कशी पाहावी

ज्यांनी आजवर हार्ड डिस्कवर दिवस काढले आणि ज्यांना पुण्याच्या पुतण्याने परवा फोनवर "काका, एसएसडी टाका" असं बजावलं, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. समजा, तुमचा डोणगावात फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई तोंडावर आली आहे आणि सकाळी संगणक सुरू होईपर्यंत समोरच्या टपरीवर तुमचा चहा पिऊन, पैसे देऊन, टपरीवाल्याच्या पुतणीच्या सोयरिकीची चौकशीही करून होते.

साहित्य : जुना संगणक एक, स्क्रू ड्रायव्हर एक, पैसे बेताचे, सल्लागार भरपूर. सल्लागार आणावे लागत नाहीत, संगणकाचं झाकण उघडलं की जमतात.

पायरी १. इतिहास पाठ करा. दुकानदारावर छाप पडते. एसएसडीत जी मेमरी असते ती नँड फ्लॅश, तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८७ साली जगापुढे मांडली. 'फ्लॅश' हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवलं, कारण यातली माहिती पुसली जाते ती कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी, एका लखलखाटात. फोटोवाल्यांनी हा मान खुशाल आपला समजावा. मासुओकांना मात्र मोबदल्यासाठी कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं. २००६ साली ८ कोटी ७० लाख येनांवर तडजोड झाली. १९९१ मध्ये सॅनडिस्कने २० एमबीची एसएसडी विकली, किंमत सुमारे हजार डॉलर. आज तिच्यात तुमच्या कॅमेऱ्याचा एक रॉ फोटोही धड मावायचा नाही.

पायरी २. मजले मोजा. चिपवरची जागा संपल्यावर कंपन्यांनी बिल्डरसारखं वर बांधायला घेतलं. सॅमसंगने २०१३ साली २४ थरांची चिप काढली. एसके हायनिक्सने २०२४ मध्ये ३२१ थरांचं उत्पादन सुरू केल्याचं जाहीर केलं. डोणगावात दुमजली घराला लोक माडी म्हणतात, म्हणून हा आकडा सावकाश सांगा.

पायरी ३. रांजण ओळखा. एसएसडीतली प्रत्येक पेशी म्हणजे विद्युतभाराचा रांजण. रांजण भरलेला की रिकामा एवढंच बघायचं, तर ती एसएलसी, एका पेशीत एक बिट. टीएलसीमध्ये त्याच रांजणावर आठ खुणा ओळखाव्या लागतात, क्यूएलसीमध्ये सोळा. खुणा वाढल्या की माल स्वस्त होतो, पण मोजायला वेळ लागतो आणि रांजणही लवकर झिजतो. दुकानात "टीएलसी आहे का?" एवढं विचारा. उत्तर कसंही आलं तरी मान डोलवा, पण खोक्यावर वाचूनच पैसे द्या.

पायरी ४. खळं भरेपर्यंतच कौतुक करा. स्वस्त डिस्क आलेला माल आधी एका मोकळ्या खळ्यात भराभर ओतून घेते आणि मग सवडीने पोत्यांत भरते. खोक्यावर छापलेला लिहिण्याचा वेग या खळ्याचा असतो. खळं भरलं की हंगामात बाजार समितीच्या फाटकाबाहेर सोयाबीनच्या ट्रॉल्यांची लागते तशी रांग लागते. काही क्यूएलसी डिस्क अशा वेळी सेकंदाला १०० एमबीपर्यंत घसरतात, म्हणजे काढून फेकलेल्या हार्ड डिस्कच्याही खाली. एका दमात शंभर जीबी ओतणाऱ्या लग्नवाल्यांनी ही पायरी दोनदा वाचावी.

पायरी ५. रस्ता पाहून गाडी घ्या. सेकंदाला साटा एसएसडी ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई पट्ट्यांतली जेन थ्री ३,५००, जेन फोर ७,००० आणि जेन फाइव्ह १४,०००. डेटा सेंटरसाठी तर मायक्रॉनने २८,००० वाली जेन सिक्स जाहीर केली आहे. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे. मेहकरला उतरून गावाकडे वळलात की पुढे कडब्याची बैलगाडी असते आणि तिला जेन फाइव्ह ठाऊक नसते. दुकानातला संवाद असा होतो :

"भाऊ, माझ्या संगणकात जेन फाइव्ह चालते का?"

"चालते ना. पण पळत नाही."

जुन्या संगणकात तर एनव्हीएमईची पट्टी बसवायला खोबणच नसते. तिथे अडीच इंची साटा एसएसडी जुन्याच वायरीला जोडायची.

पायरी ६. आता पाटीपेन्सिल घ्या. हळद ते बिदाई, चाळीस जीबीचं चित्रीकरण. जेन फाइव्ह डिस्क एवढं तीन सेकंदांत गिळू शकते. पण तुमचं कार्ड रीडर आहे यूएसबी २.० चं, त्यातून सेकंदाला फार तर ४० एमबी येतात. म्हणजे सोळा-सतरा मिनिटं. चौदा हजारांचा वेग घरात आणून तुम्ही पूर्वीइतकाच वेळ बसणार, फक्त खुर्चीत जास्त अभिमानाने. संगणकाला यूएसबी ३.० असेल तर चांगलं कार्ड आणि रीडर घ्या, काम सहा-सात मिनिटांवर येतं.

मग एसएसडीचा उपयोग काय? हार्ड डिस्कची सुई प्रत्येक बारीक फाइल शोधायला साधारण दहा मिलिसेकंद फिरते, साध्यातली साधी एसएसडी तीच फाइल शंभरपट लवकर हातात देते. सुरू होताना संगणक अशा हजारो फाइली मागतो. म्हणून खरी उडी हार्ड डिस्कवरून साटावर आहे. त्यापुढच्या उड्या बऱ्याचशा खोक्यावरच्या.

पायरी ७. 'थांबा, स्वस्त होईल' म्हणणाऱ्याला नमस्कार करा. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केली आणि २०२५ अखेर भाव चढले. त्याच डिसेंबरात मायक्रॉनने 'क्रूशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. गरज असेल तेवढीच घ्या, पण घ्या. 'दोन टीबी, आठशे रुपये' अशी जाहिरात दिसली तर पायरी १ मधला हजार डॉलरचा आकडा आठवा आणि पुढे चला.

पायरी ८. मरणाची तयारी ठेवा. हार्ड डिस्क जाण्याआधी अनेकदा टकटक करते, एसएसडी बऱ्याचदा न बोलता जाते. शिवाय ट्रिम नावाची सोय डिलीट केलेली जागा पार साफ करते, चुकून उडवलेले फोटो मग तज्ज्ञालाही सहसा सापडत नाहीत. आणि वीज न देता कपाटात ठेवलेल्या एसएसडीतला भार हळूहळू गळतो, उन्हाळ्यात जास्तच. म्हणून काढलेली जुनी हार्ड डिस्क धडधाकट असेल तर भंगारात देऊ नका, तिला यूएसबीचं खोकं लावा आणि बॅकअपला ठेवा.

एकूण हिशेब असा : एक साटा एसएसडी, टीएलसी पाहून. एक यूएसबी ३.० चं कार्ड रीडर. आणि प्रत्येक लग्नाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर. दोन्ही प्रती उघडून, वरमाला दिसते का ते पाहा. मगच कार्ड पुसा.