बायकांचा बंदोबस्त: नवशिक्या राज्यकर्त्यांसाठी

देश नुकताच ताब्यात आलाय? अभिनंदन! टेबलावर महागाई, पाणीटंचाई, बेकारी अशा फायलींचा ढीग लागला असेल. घाईने एकही उघडू नका. पाणी आलं की नाही हे नळ सोडला की कोणालाही कळतं, तिथे माणूस उघडा पडतो. बायकांच्या केसांचं तसं नाही. डोक्यावरच्या कापडाखालून किती बोटं केस दिसले की धर्म बुडतो, हे ठरवणारे तुम्ही. बुडता धर्म वाचवणारेही तुम्हीच. शिवाय सुरुवातीला तरी खर्च काही नाही.

या विद्येत इराणचा हात धरणारा सापडणं कठीण. (शेजारी अफगाणिस्तान आहे, पण मुलींची शाळा सहावीनंतर बंदच करणं हा प्रगत विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रम झाला. तुम्ही अजून नवखे आहात.) तेव्हा पुढचे धडे तेहरानच्या अनुभवावर बेतले आहेत.

१. आधीच्या राजाने उलटं टोक गाठलेलं असेल तर उत्तम.

रझा शहाने १९३६ मध्ये पडद्यावरच बंदी घातली. पोलीस भर रस्त्यात बायकांची अंगभर पांघरलेली चादोर ओढून काढत. जुन्या वळणाच्या कित्येक बायका मग घराबाहेर पडेनात. आधुनिक व्हा, नाहीतर घरात बसा, असा तो मामला होता. तुम्हाला फक्त हुकूम फिरवायचा आहे. पोलीस तेच ठेवा, त्यांना ओढाओढीची सवय असते.

पुढे त्याच्या मुलाविरुद्ध, म्हणजे शेवटच्या शहाविरुद्ध, क्रांती झाली, तेव्हा एरवी डोकं न झाकणाऱ्या अनेक जणीही निषेध म्हणून चादोर घेऊन मोर्चात आल्या. त्यांना ती कायमची हवी आहे असं धरून चाला. विचारत बसू नका.

२. सगळं एका दमात मागू नका.

७ मार्च १९७९ रोजी क्रांतीचे नेते खोमेनींनी सांगितलं की सरकारी कचेऱ्यांत बायकांनी हिजाब घालूनच यावं. सत्ता येऊन महिनाही झाला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी नेमका ८ मार्च, महिला दिन! हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. अशा वेळी घाबरायचं नाही. ही सक्ती नव्हे, आग्रह आहे, असा खुलासा करायचा आणि वर्षभर थांबायचं. १९८० मध्ये कचेऱ्यांत सक्ती झाली. १९८३ मध्ये सगळ्यांवर झाली, न ऐकणारीला ७४ फटके. खुलासा मागायला तोवर फारसं कोणी मोकळं उरलेलं नव्हतं.

लग्नाच्या वयाचं गणितही इथेच शिकून घ्या. शेवटच्या शहाच्या कायद्याने ते मुलींसाठी १८ वर नेलं होतं. क्रांतीनंतर ते नऊवर आणलं गेलं. मग २००२ मध्ये १३ केलं, आणि त्यालाही बापाने कोर्टाची परवानगी काढली तर सूट. तरी याला सुधारणा म्हणता येते. आधी नऊपर्यंत उतरण्याची दूरदृष्टी दाखवली म्हणूनच ना?

३. शिकलेल्या बायका: हा धडा लांबतो, चहा घेऊन बसा.

शिरीन एबादी तेहरानच्या न्यायालयात न्यायाधीश होत्या. बाईने निवाडा करणं नव्या राज्यात बसेना, म्हणून त्यांना त्याच न्यायालयात कारकून केलं गेलं. पुढे त्यांनी वकिली केली आणि २००३ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. म्हणजे पदावनती करताना जरा मागचापुढचा विचार करावा. फर्रुखरू पारसा शहाच्या काळात देशातल्या पहिल्या महिला मंत्री होत्या, खातं शिक्षणाचं. त्यांना १९८० मध्ये गोळ्या घातल्या. त्या प्रकरणात पुढे नोबेलचा त्रास झाला नाही.

खरी गंमत विद्यापीठांत झाली. पोरी डोकं झाकून जातात, वातावरण धार्मिक आहे, म्हटल्यावर ज्या कर्मठ बापांनी शहाच्या काळात मुलीला कॉलेजची पायरी चढू दिली नसती, तेही निर्धास्त होऊन पाठवू लागले. काही वर्षांत प्रवेश घेणाऱ्यांत मुली निम्म्याहून जास्त! सोवळं पाळायला बांधलेल्या ओवरीत पोरींनी अभ्यासिका थाटावी, तसं झालं. तुमच्याकडेही हे होणार. तसं झालं तर २०१२ चा कित्ता गिरवा: ३६ विद्यापीठांनी ७७ विषय मुलींना बंद केले. अणुभौतिकी ठीक आहे, पण यादीत इंग्रजी साहित्यही होतं. कादंबरी वाचणारी बाई जास्त धोकादायक असते, एवढं त्यांना कळलं होतं याचं कौतुक करायला हवं.

एवढं करूनही एखादी निसटून जगात पहिली येतेच. मरियम मिर्झाखानी यांना २०१४ मध्ये गणितातलं फील्ड्स पदक मिळालं. हा मान मिळवणारी जगातली पहिली बाई, आणि ती तुमची! फोटोत मात्र केस आखूड आणि उघडे. तेहरानच्या काही वर्तमानपत्रांनी संगणकावर त्यांच्या डोक्यावर कापड चढवलं. तेव्हा प्रत्येक संपादकाच्या टेबलाशी शिंपीकाम येणारा एक चित्रकार बसवा. २०१७ मध्ये त्या चाळिशीतच वारल्या, तेव्हा काही वर्तमानपत्रांनी त्यांना उघड्या केसांनीच छापलं. बहुधा त्या दिवशी शिंपी रजेवर असावा.

४. पहारेकरी फुकट मिळवा.

प्रत्येक बाईमागे एक शिपाई नेमायचा तर खजिना रिकामा होईल. पण बहुतेकींच्या घरात एक बिनपगारी शिपाई आधीच असतो. लग्न झालेल्या बाईला पासपोर्ट हवा तर नवऱ्याची परवानगी लागेल, असं करा. कुटुंबाच्या अब्रूला बाधेल असं काम करण्यापासून तो तिला कोर्टातर्फे अडवू शकेल, असंही करून ठेवा. तो लगेच अडवेल असं नाही, पण त्याच्या खिशात किल्ली आहे हे दोघांनाही ठाऊक असलं की पुरे.

धोका एकच, ही किल्ली कधी कधी नको तिथे चालते. २०१५ मध्ये महिला फुटसाल संघाची कर्णधार निलुफर अर्दलान आशियाई स्पर्धेला मलेशियाला निघाली, तर नवऱ्याने पासपोर्टच्या नूतनीकरणाला संमती दिली नाही. राष्ट्राची कर्णधार राहिली घरी. जगभर बभ्रा झाल्यावर विश्वचषकाला तिला खास परवानगी देऊन पाठवावं लागलं. अशी खास परवानगी कपाटात तयार ठेवा. देणाऱ्याला उदार वाटतं आणि कायदाही जागचा हलत नाही.

५. करमणूक.

सिनेमात बाई स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्यासमोर, झोपतानाही डोकं झाकून दिसली पाहिजे. प्रेक्षकांना हे विचित्र वाटेल, काही वर्षांत वाटेनासं होतं. कार्टूनमधल्या बाईचं काय, असाही प्रश्न येईल. हसू नका, २०२१ मध्ये तो थेट सर्वोच्च नेते खामेनींना विचारला गेला आणि उत्तर आलं की चित्रातल्या बाईनेही झाकावं. घरात बाई घरच्यासारखी दाखवायचा हट्ट धरणारे निघतातच. ‘माय फेव्हरेट केक’च्या दिग्दर्शक जोडीने तो धरला. २०२४ मध्ये चित्रपट बर्लिनला गेला, दिग्दर्शकांचे पासपोर्ट मात्र इराणमध्येच जप्त होते.

पुरुषांसमोर बाईने एकटीने गाणं चालणार नाही, हे तर आलंच. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये परस्तू अहमदी या गायिकेने एका जुन्या सराईच्या अंगणात, एकही श्रोता न बोलावता मैफल केली आणि ती यूट्यूबवर टाकली. श्रोतेच नाहीत, तर नियम कुठे मोडला? असल्या बारकाव्यांत अडकू नका, आधी अटक करा. सोडणं नंतरही जमतं.

फुटबॉल हा नाजूक विषय. स्टेडियममध्ये पुरुष शिव्या देतात, बायकांच्या कानांवर त्या पडू नयेत, म्हणून बायकांना बंदी. (शिव्या देणाऱ्यांना बंदी घालता येते का, असा प्रश्न परीक्षेत विचारला जाणार नाही.) काही पोरी खोट्या दाढीमिशा लावून आत शिरल्या. सहर खुदायारी पुरुषी वेशात जाताना पकडली गेली. खटल्यासाठी कोर्टात आली असता तुरुंगवासाच्या धास्तीने तिने कोर्टाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ती गेली. पुढच्याच महिन्यात, फिफाने डोळे वटारल्यावर, काही हजार बायकांना जाळीपलीकडच्या वेगळ्या कोपऱ्यात बसून कंबोडियाविरुद्धचा सामना बघू दिला गेला. इराणने १४-० ने जिंकला. शिव्या द्यायला कोणाला सवडच मिळाली नसेल.

६. उंच वस्तूंवर लक्ष ठेवा.

डिसेंबर २०१७ मध्ये विदा मुवाहेद तेहरानच्या इन्किलाब रस्त्यावर फुटपाथवरच्या विजेच्या पेटीवर चढली आणि डोक्यावरचं पांढरं कापड काठीला बांधून उभी राहिली. मग दुसरी चढली, तिसरी चढली. पालिकेने पेट्यांना घराच्या छपरासारखी उतरती झाकणं बसवली. तुमच्या देशातल्या विजेच्या पेट्या आजच मोजून घ्या.

७. गस्त.

इथे घसरायला फार होतं. एक व्हॅन, काही पुरुष शिपाई आणि काळ्या चादोरमधल्या दोन बायका, एवढं भांडवल पुरतं. नाव मात्र मार्गदर्शनाचं द्या, ‘गश्त-ए-इरशाद’. सप्टेंबर २०२२ मध्ये या पथकाने सक्केझहून तेहरानला आलेल्या बावीस वर्षांच्या महसा अमिनीला मार्गदर्शनासाठी उचललं. तीन दिवसांनी ती रुग्णालयात मरण पावली. त्यानंतर महिनोन् महिने देश पेटला होता, ‘बाई, जगणं, स्वातंत्र्य’ हा नारा शाळकरी पोरीही देत होत्या, आणि सरकारी बंदोबस्तात पाचशेहून जास्त माणसं मेली. या धड्यासाठी आमच्याकडे युक्ती नाही. पुढे चला.

८. माणसांऐवजी यंत्रं आणा.

यंत्राला कोणी घोषणा ऐकवत नाही. २०२३ पासून रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांनी गाडीतल्या बाईचे उघडे केस टिपायचे आणि नंबरावरून मालकाला मोबाइलवर ताकीद पाठवायची, अशी सोय झाली. वारंवार दिसलं तर गाडी जप्त. शिवाय केस झाकायचं सोडलेल्यांवर उपचारांसाठी तेहरानमध्ये दवाखाना काढायची घोषणा २०२४ मध्ये झाली. आणि तब्बल ७४ कलमांचा नवा कायदा तयार झाला. जुने फटके ७४, नवी कलमं ७४. दर कलमाला एक या हिशोबाने तरतूद अचूक होती, पण डिसेंबर २०२४ मध्ये कायदा लागू व्हायच्या तोंडावर राष्ट्रीय सुरक्षा परिषदेनेच थांबवला. तेहरानच्या रस्त्यांवर तोवर इतक्या जणी डोकं उघडं टाकून फिरत होत्या की दंडाच्या पावत्या छापायला कागद पुरला नसता.

तुम्ही हिंमत सोडू नका, कॅमेरे चालू ठेवा. एक किरकोळ अडचण तेवढी सांगून ठेवतो. ताकीद जाते गाडीच्या मालकाला, आणि गाडी असते बहुधा नवऱ्याच्या किंवा बापाच्या नावावर. म्हणजे चौथ्या धड्यात नेमलेल्या फुकटच्या शिपायालाच तुम्ही आता नोटीस धाडताय, आणि गाडी उचलून नेल्यामुळे तो उद्या बसने कामावर जाणार आहे. बसमध्ये पुढची बाजू पुरुषांसाठी राखीव असते. बसायला जागा मिळेल, असं त्याला कळवून टाका.