नफ्याच्या उंचीवरून सुरक्षा

सुरक्षा आणि नफा यांचा मेळ घालणे ही व्यवस्थापनशास्त्रातील प्रगत विद्या आहे. तिचा सर्वांत अभ्यासनीय नमुना बोइंग कंपनीने ७३७ मॅक्स या विमानात घालून दिला.

डिसेंबर २०१० मध्ये एअरबसने कमी इंधन पिणारे ए-३२० निओ जाहीर केले. नवे विमान आखायला लागणारी वर्षे बोइंगजवळ नव्हती. १९६७ साली पहिल्यांदा उडालेले ७३७ होते. त्याच्या ठेंगण्या पंखांखाली मोठी इंजिने मावेनात, म्हणून ती पुढे आणि वर सरकवली. त्यामुळे काही प्रसंगी विमानाचे नाक वाजवीपेक्षा वर जाऊ लागले. ते खाली दाबण्यासाठी एमकॅस नावाची संगणकप्रणाली आली. नाकाचा कोन सांगणारे सेन्सर दोन होते, पण एमकॅस एका वेळी एकाचेच ऐके. दोघांचे ऐकले की मतभेद होतात आणि मतभेदात वेळ जातो.

खरे कसब प्रशिक्षणात दिसले. वैमानिकांना सिम्युलेटरवर बसवावे लागले, तर विमानामागे १० लाख डॉलर सूट देण्याचे बोइंगने साउथवेस्ट एअरलाइन्सला कबूल केले होते. साहजिकच सिम्युलेटर टाळणे हे अभियांत्रिकीचेच उद्दिष्ट बनले. वैमानिकांच्या पुस्तिकेतून एमकॅस गळले. जे पुस्तिकेतच नाही ते शिकवायचे कशाला? अमेरिकी नियामकाने तपासणीचे बरेचसे काम बोइंगच्याच कर्मचाऱ्यांवर सोपवले होते. परीक्षार्थ्यानेच आपला पेपर तपासला की निकाल लवकर लागतो, आणि चांगलाही लागतो.

यात कोणी दुष्ट असावे लागत नाही, हे या विद्येचे वैशिष्ट्य. नफा दर तिमाहीला ताळेबंदात हजेरी लावतो; न झालेल्या अपघाताचे मात्र व्हाउचर निघत नाही. २०१३ ते २०१९ या काळात कंपनीने सुमारे ४,३०० कोटी डॉलर स्वतःचेच शेअर विकत घेण्यात घातले. त्याचे व्हाउचर व्यवस्थित निघाले.

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचे विमान समुद्रात कोसळून १८९ माणसे गेली. मॅक्स उडत राहिले. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानात १५७ जण गेले, तेव्हा कुठे ते जगभर जमिनीवर आले. दोन्ही वेळा एका सेन्सरने चुकीचा कोन सांगितला होता आणि एमकॅसने त्याचे निमूट ऐकले होते.

मुख्याधिकारी डेनिस म्यूलेनबर्ग यांना पदावरून जावे लागले. जाताना निवृत्तिवेतन व शेअर मिळून सुमारे ६.२ कोटी डॉलर त्यांच्या नावे होते. जानेवारी २०२१ मध्ये बोइंगने फौजदारी खटला पुढे ढकलण्याच्या बदल्यात २५० कोटी डॉलर मोजायचे मान्य केले. त्यांतले १७७ कोटी विमाने अडकून पडलेल्या ग्राहक-कंपन्यांना, ५० कोटी मृतांच्या वारसांना आणि उरलेला, सर्वांत लहान हिस्सा दंडाचा.