तळ्याच्या मध्यावर

नैनितालच्या सहलीचा सगळा हिशोब मी वहीत ठेवणार आणि वहीबाहेर एक रुपया खर्च होणार नाही, असं मी जाहीर केलं तेव्हा बायको काहीच बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारानंतर तेवढ्यावरून मी सावध व्हायला हवं होतं.

काठगोदामला रेल्वे संपते. पुढचे पस्तीसेक किलोमीटर नुसती वळणं. पहिल्या टप्प्यात चिरंजीवांनी पुरीभाजी परत केली, दुसऱ्यात मी. आई मात्र गालात आमसूल धरून ताठ बसली होती. ‘‘आंबा घाटात एसटीच्या मागच्या सीटवर बसून बघ एकदा,’’ एवढंच म्हणाली. रत्नागिरीच्या माणसाला हिमालयाचं कौतुक बेतानंच असतं.

नैनितालला तळ्याची दोन टोकं म्हणजे दोन गावंच. खालचं तल्लीताल, वरचं मल्लीताल, आणि त्यांना जोडणारा मॉल रोड. हंगामात संध्याकाळी त्यावर गाड्या बंद. त्यामुळे टॅक्सीवाल्याने सामानासकट तल्लीतालला उतरवलं. ‘तलावासमोर’ म्हणून बुक केलेलं हॉटेल मॉल रोडवर नव्हतं, मॉल रोडच्या डोक्यावर होतं. ‘‘बस, पास ही है, माताजी,’’ असं म्हणत हमाल पुढे चढत होता. कोकणातलं ‘हे काय, इथंच’ आणि कुमाऊंतलं ‘पास ही’ यांचं माप एकच असावं. साठाव्या पायरीवर आईने खास ठेवणीतली हिंदी काढली, ‘‘भाऊ, हमको तळा देखना है, स्वर्ग नहीं!’’ तळं खोलीतून दिसत होतं, नाही असं नाही. न्हाणीघरात बादली पालथी घालून तीवर उभं राहिलं की.

दुसऱ्या दिवशी नैनादेवी. सतीचे डोळे इथे पडले म्हणून देवी नैना, आणि तिच्यावरून तळ्याचं नाव. देवळाशेजारी ‘फ्लॅट्स’ नावाचं मोठं मैदान आहे. एवढ्या डोंगरात ही सपाट जागा आली कुठून, असं आईने विचारलं. १८८०च्या सप्टेंबरात वरचा डोंगर खचला, १५१ माणसं गेली, जुनं देऊळही गाडलं गेलं आणि त्या दरडीच्या मातीनेच हे मैदान रुंदावलं, असं मी सांगितलं. आईने पुन्हा एकदा हात जोडले. त्या दिवशी गुडघ्यांबद्दल ती काही बोलली नाही.

मग होडी. नावाडी म्हणाला, हे तळं वरून आंब्यासारखं दिसतं. आईने दोन्ही काठ नीट न्याहाळले आणि निकाल दिला, ‘‘तोतापुरी. हापूस नव्हे.’’

इथे मला विद्वत्ता पाजळायची दुर्बुद्धी झाली. मी म्हटलं, ‘‘हे गाव वसलं त्याचा किस्सा माहीत आहे का? शहाजहानपूरचा बॅरन नावाचा साखरेचा व्यापारी १८४१ साली इथे पोचला आणि या जागेच्या प्रेमातच पडला. पण इथला थोकदार, म्हणजे जमीनदार, नरसिंह मालकी सोडेना. मग बॅरनने वर होडी आणवली, थोकदाराला गोड बोलून तळ्याच्या मध्यावर नेलं आणि म्हणाला, हक्क सोडल्याचं लिहून दे, नाहीतर देतो ढकलून. नरसिंहाला पोहता येत नव्हतं. दिली सही!’’

सगळे हसले. बायको जरा जास्तच वेळ हसली. मग तिने नावाड्याला विचारलं, ‘‘भैया, बीच में आ गए क्या?’’

‘‘जी, बिलकुल बीच में.’’

तिने माझ्या पिशवीतून हिशोबाची वही काढली, पेन उघडून हातात दिलं. ‘‘लिहा. भोटिया बाजार. शाली, पाच. एक आईंना, एक मला, दोन वन्संना, एक माझ्या आईला.’’

‘‘अगं, पण दोन का वन्संना?’’

‘‘त्या रंग बदलून मागतात.’’

मी आईकडे पाहिलं. ती लाइफ जॅकेटचा बंद आवळत म्हणाली, ‘‘अरे, लिही मुकाट्याने. तुला लहानपणी विहिरीत किती वेळा सोडलं, कधी हात मारलास का?’’ चिरंजीव मोबाइलवर चित्रीकरण करत होते. वारा सुटला, होडी डुलली, आणि मी लिहिलं. खाली सहीसुद्धा केली. नावाडी साक्षीदार.

नरसिंहाला म्हणे पुढे महिना पाच रुपयांवर पटवारीची नोकरी तरी मिळाली. मला, शालींच्या दुकानातून परतताना, पाव किलो बालमिठाई मिळाली. खव्याची, तपकिरी, वरून साखरेचे पांढरे दाणे लावलेली. काठगोदाम यायच्या आत मुलाने ती संपवली. डबा मात्र माझ्याकडे आहे. हिशोबाची वही त्यातच ठेवतो.