आधी तुमचं गाव सांगा

समाजकार्याच्या पेपरात सांस्कृतिक विनम्रता गुणांसाठी लिहावी लागते. जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडच्या गल्लीत ती फुकट शिकवतात. मेलनी टर्व्हालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकी डॉक्टर बायांनी १९९८ साली मांडलं, की समोरच्याची संस्कृती आपल्याला कळली असं समजू नये, जन्मभर शिकत राहावं आणि आपल्या हातातल्या सत्तेचं भान ठेवावं. पटतं. फक्त बोदवडला ही सत्ता कुणाच्या हातात असते, ते त्या बायांना ठाऊक नसावं.

आम्ही समाजकार्याच्या विद्यार्थिनी गृहभेटीचं प्रपत्र काढायच्या आत घरातली आजी तिचं तोंडी प्रपत्र सुरू करते. "कोनाची व तू? गाव कोनतं? मामाचं गाव कोनतं?" मामाच्या गावावरून तिला जात, पोटजात, शेती किती आणि मला स्थळ कसं मिळेल, हे सगळं कळतं. मग, "पगार किती भेटतो?" पगार नाही, शिकतेय, म्हटलं की ती आत हाक देते, "चहा ठेव व, पोरगी उन्हात फुकट फिरू राह्यली!"

समाजकार्याचे अभ्यासक फादर बिस्टेक यांनी १९५७ साली सेवार्थीशी, म्हणजे ज्याच्यासाठी काम करायचं त्याच्याशी, नातं जोडण्याची सात तत्त्वं सांगितली. त्यांत 'स्वीकार' आहे आणि 'निवाडा न करणे'ही आहे. आजी पहिलं मनापासून पाळते.

सेवार्थीच्या बोलीत बोला, असं वर्गात सांगतात. इथे एका घरी लेवा बोली, पुढच्या गल्लीत उर्दू, बाजारपेठेत मारवाडी, जामनेरकडे तांड्यावर गेलं तर गोरबोली. पण फाईल दिसली की सगळे वर्तमानपत्रासारखं शुद्ध मराठी बोलतात. "काही अडचण नाही मॅडम." फाईल मिटली, चहा बशीत ओतला, की आवाज उतरतो आणि कर्जाचा आकडा बाहेर येतो. माझं मत विचाराल तर अर्धं समाजकार्य बशीत आहे.

मुंबईत टाटांची समाजकार्याची शाळा निघाली १९३६ साली. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात, फैजपूरला, काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. शहाण्यांनी खेड्यात येऊन धडे घ्यायची रीत आमच्याकडे अशी जुनी आहे.

प्रपत्रात 'समस्या' या मथळ्याखाली व्यसन, कलह, आजारपण असे रकाने आहेत. आजीचं प्रत्येकाला एकच उत्तर: नळ. सून चिडते कायले? नळ. गुडघे कायले दुखतात? नळ. तेवढ्यात गल्लीत "नळ आला व माय!" अशी आरोळी उठली. मुलाखत जागच्या जागी बरखास्त. माझ्या हातातली फाईल गेली आणि कळशी आली. ओढणी खोचून मी रांगेत उभी राहिले, तेव्हा कुठे शेजारणींनी मला नावानं हाक मारली.

अहवालावर शेरा आला: 'व्यावसायिक अंतर राखले नाही.'

प्रपत्रं छापणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. बोदवडसाठी वेगळी प्रत काढा, पहिला रकाना 'नळ किती दिवसांनी येतो' हा ठेवा, आणि विद्यार्थिनीच्या मामाचं गाव वरच छापून द्या. आजीचा वेळ वाचेल.