पातेलं नवं, बिअर तीच

थँक्सगिव्हिंगचा आठवडा उजाडला की अमेरिकेतल्या एडिसन गावच्या माझ्या मित्राचा फोन ठरलेला. "अरे, १५ गॅलनचं घेऊ की २० चं? सेल रविवारपर्यंतच आहे."

त्याच्या गॅरेजमध्ये आज १० गॅलनचं स्टीलचं पातेलं आहे. त्यात तो एका खेपेला ५ गॅलन, म्हणजे साधारण १९ लिटर बिअर करतो. ती संपायला दोन महिने लागतात. शेवटच्या दहा-बारा बाटल्या तो मित्रांना वाटतो, आणि मित्र त्या घेताना काचकूच करतात. कारण त्या बिअरला नेलपॉलिश पुसायच्या द्रवाचा वास येतो.

२० गॅलनच्या पातेल्याने तो वास जाणार आहे का?

जाणार नाही. तिप्पट होईल, कारण बिअर तिप्पट होईल.

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्यांचा हा जुना रोग. बिअर बिघडली की दुकान गाठायचं. डॉक्टरकडे गेल्यावर तो आधी विचारतो, दुखतंय कुठे? इथे मात्र औषध आधी घरी येतं आणि दुखणं कोणी विचारतच नाही. तुमच्या बिअरमध्ये खोट काय आहे, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर पाकीट खिशातच राहू द्या.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी आधीच सांगतो. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते पिंपभर असो की बाटलीभर. तेव्हा हे सगळं अमेरिकेतलं.

तिकडेही हा हक्क सहज मिळालेला नाही. १९३३ मध्ये दारूबंदी उठली, घरच्या वाइनला वाट मिळाली, बिअर तेवढी राहून गेली. तिला केंद्रीय कायद्यात जागा मिळायला १९७८ उजाडलं. सही अध्यक्ष जिमी कार्टर यांची. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं तर २०१३ पर्यंत अडून बसली होती. मर्यादा आजही तीच आहे: घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची नाही.

आता हिशेब करा. २० गॅलनच्या पातेल्यातून एका खेपेला १५ गॅलन बिअर निघते. नवरा-बायकोच्या घरात १३ खेपांत वर्षाचा कोटा संपतो. ५ गॅलनवाल्याला ४० खेपा करता येतात.

म्हणजे ४० वेळा चुकता येतं, आणि ४० वेळा सुधारता येतं. मोठं पातेलं ही संधीच काढून घेतं.

मुळात पातेल्याचं काम काय? पाणी उकळणं. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, पातेलं साठ डॉलरचं असो की सहाशेचं. डेन्व्हरमध्ये ते ९५ च्या आसपासच उकळतं, पण ते शहराच्या उंचीमुळे. पातेल्याच्या किमतीला पाणी विचारत नाही.

बिअर तुम्ही करत नाही. तुम्ही माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी करता, ज्याला वॉर्ट म्हणतात. बिअर करतं यीस्ट. मग खर्च कोणाच्या सोयीवर व्हायला हवा?

इथे आपली मराठी सवय आडवी येते. आपल्या घरात आंबवणं म्हणजे ऊब. थंडीत विरजणाचं भांडं फडक्यात गुंडाळायचं, इडलीचं पीठ गॅसजवळच्या कोपऱ्यात सरकवायचं. दही लावणाऱ्या जिवाणूंना ४० अंशांच्या आसपास बरं वाटतं, तेव्हा आपल्या आयांचं काही चुकलेलं नाही. पण हे इतकं हाडीमाशी खिळलं आहे की बिअरची बादलीही आपण उबेलाच ठेवतो.

आणि तिथेच घात होतो.

एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट १८ ते २० अंशांत नीट वागतं. लागरचं तर १० ते १२ मध्ये. त्यापेक्षा गरम झालं की ते थांबत नाही, उलट सुसाट सुटतं. आणि त्या धावपळीत जड अल्कोहोल आणि उग्र वासाची एस्टर मागे टाकून जातं. नेलपॉलिशचा वास हा तोच. शिवाय आंबताना बिअर स्वतःही तापते. खोली २१ अंशांची असली, तरी ऐन जोमातल्या बादलीच्या पोटात २५ भरू शकतात. भिंतीवरचा थर्मामीटर खोलीची खुशाली सांगतो.

यीस्ट भिंतीवर राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी एकच खेप दोन बादल्यांत वाटली. तेच माल्ट, कडवटपणा देणारे तेच हॉप्स, यीस्टचं एकच पाकीट अर्धं अर्धं. एक बादली गॅरेजमध्ये ठेवली, दुसरी तळघरातल्या जुन्या फ्रीजमध्ये, १९ अंशांवर. बाटल्या तयार झाल्यावर चौघांना काही न सांगता दोन्ही चाखायला दिल्या. गॅरेजवाली त्यांनी दोन घोटांत बाजूला सारली. दुसरी हातात धरून विचारलं, ही कुठल्या ब्रुअरीची?

पातेलं एकच होतं.

म्हणून माझं मत ठाम आहे. पहिला डॉलर थर्मामीटरवर, दुसरा गारव्यावर. अमेरिकेत जुना चालू फ्रीज लोक फुकट देतात, फक्त उचलून न्यावा लागतो. त्याला इंकबर्डसारखा एखादा तापमान राखणारा कंट्रोलर जोडा, तीस-चाळीस डॉलरचं काम. सेन्सर बादलीच्या अंगाला चिकटवा आणि त्यावर फोमचा तुकडा दाबून बसवा. तो हवेत लोंबकळत ठेवला की फ्रीज इमानेइतबारे हवा थंड करत बसतो आणि बिअर तापतच राहते.

फ्रीजला जागा नाही? टबात पाणी घ्या, त्यात बादली उभी करा, तिला जुना टी-शर्ट घाला आणि त्याचं टोक पाण्यात सोडा. सकाळ-संध्याकाळ टबात एक एक बर्फाची बाटली टाका. माठाला ओलं फडकं गुंडाळणाऱ्या आजीचीच ही विद्या.

तिची किंमत किती? एक टी-शर्ट.

सेलच्या जाहिरातीत मात्र पहिल्या पानावर असतो तो शंकूच्या बुडाचा स्टीलचा फर्मेंटर. दिसायला देखणा, यात वाद नाही. मोठ्या ब्रुअरीला तो लागतोही. हजारो लिटरच्या टाकीत तळाशी बसलेलं यीस्ट खालून काढून पुढच्या खेपेला वापरायचं असतं, आणि उंच टाकीतल्या दाबाखाली ते फार दिवस ठेवणं बरं नसतं. १९ लिटरच्या बादलीत कसला दाब? यीस्ट तीन आठवडे बुडाशी निवांत पडून राहतं. पुढच्या खेपेसाठी हवं असेल तर निर्जंतुक पळीने निर्जंतुक बरणीत काढून घ्या.

वर त्या शंकूला तळाशी एक व्हॉल्व्ह, बाजूला दुसरा, नमुना काढायला तिसरी तोटी. प्रत्येक तोटीला सांधे आणि प्रत्येक सांध्यात साचलेली जुनी बिअर. तुमच्या आहे त्या बादलीची तोटी तुम्ही शेवटची कधी सुटी करून धुतली होती?

आज उघडा. आणि वास घ्या.

काचेचा कारबॉय, म्हणजे अरुंद गळ्याची मोठी बरणी, तर कोणी फुकट दिला तरी नको. भरला की पंचवीस किलोच्या घरात जातो, हात ओले, खाली सिमेंटची फरशी. हातावर टाक्यांची खूण असलेली माणसं या छंदात भेटतात. साधी प्लॅस्टिकची बादली खरवडली की बदलावी लागते, कारण ओरखड्यांत जंतू घर करतात. पण ती पडली तर फक्त पडते.

आता पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, बऱ्याच शहरांत क्लोरामीन. क्लोरामीन उकळून सहजासहजी जात नाही. माल्टमधल्या फिनॉलशी त्याची गाठ पडली की बिअरला दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा वास येतो, आणि माणूस त्याचा राग हॉप्सवर काढतो. उपाय आहे कॅम्पडेनची गोळी. एक गोळी २० गॅलन पाण्याला पुरते. ५ गॅलनच्या खेपेला पाव-अर्धी चुरून टाकली की काम झालं. किंमत काही सेंट.

तिच्यावर सेल लागत नाही. म्हणून ती कोणाच्या यादीत नसते.

स्वच्छतेचंही तेच. स्टार सॅन हे जंतुनाशक ५ गॅलन पाण्यात एक औंस, एक-दोन मिनिटं ओलं राहू द्या, फेसाला घाबरून पुन्हा धुऊ नका. पण आधी घासा! मळावर ओतलेलं जंतुनाशक मळच ओला करतं.

दळण घरचं हवं म्हणून कोणी माल्ट भरडायची गिरणी घेतो. पैसे वाचतात म्हणे. समजा गिरणीमुळे माल्टमधून निघणारी साखर ६५ टक्क्यांवरून ७५ वर गेली. ५ किलो माल्टमागे वाचलं किती? पाऊण किलोसुद्धा नाही. भरड जाड वाटत असेल तर दुकानदाराला सांगा, दोनदा भरडून दे.

काही खर्च मात्र मनापासून करावेत असे आहेत. तांब्याच्या नळीचा चिलर हा त्यातला एक. उकळता वॉर्ट अर्ध्या तासात यीस्टजोगा गार होतो, आणि वेटोळ्याला ना पंप, ना जाळी, ना मोटर. ऑस्ट्रेलियात पुष्कळ जण तोही वापरत नाहीत. गरम वॉर्ट जाड प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरतात आणि रात्रभर निवू देतात. पाण्याच्या दुष्काळाने त्या देशाला जे शिकवलं, ते मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

विजेवरच्या एकखांबी यंत्रांचं आकर्षण मला कळतं. एकाच भांड्यात मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवणं, मग उकळणं, सगळं. पण घेण्याआधी भिंतीवरचा प्लग बघा. अमेरिकेतला साधा प्लग १२० व्होल्टचा, १५ अँपिअरचा. त्यावर १६०० वॉटच्या आसपासच उष्णता मिळते. २५ लिटर वॉर्ट मॅशच्या ६७ अंशांवरून उकळीला न्यायला नुसत्या गणिताने ३६ मिनिटं लागतात. भांड्यातून उडून जाणारी उष्णता धरली तर त्याहून बरीच जास्त. कपडे वाळवायच्या यंत्राचा २४० व्होल्टचा प्लग जवळ असेल तर गोष्ट वेगळी. आणि प्रोपेनची शेगडी बंद गॅरेजमध्ये कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सगळ्यात सुखाचा खर्च केगचा. ५ गॅलनच्या खेपेला पन्नासेक बाटल्या धुवायच्या, भरायच्या, झाकणं ठोकायची. त्याऐवजी एक भांडं. हे उंच, सडपातळ केग मूळचे सोड्याच्या धंद्यातले. तो धंदा पिशवीतल्या पाकाकडे वळला आणि जुने केग हौशी मंडळींच्या हाती आले. हॉप्सने भरलेली आयपीए प्रकारची गढूळ बिअर बाटलीत दोन-तीन आठवड्यांत तपकिरी पडते, तिला पुठ्ठ्याची चव येते. आधी कार्बन डायऑक्साइडने भरून घेतलेल्या केगमध्ये तीच बिअर हवेचा स्पर्श न होता गेली, तर ताजी राहते. इथे पैसा थेट चवीत उतरतो.

पण इथेही गडबड होतेच. केगमधून नुसता फेस आला की लोक चकचकीत महाग नळ आणतात. फेस तसाच. कारण नळी लांडी असते. १२ पीएसआयच्या दाबाला साधारण ५ मिलिमीटर व्यासाची, १० फूट लांब नळी लावा. प्लॅस्टिकच्या त्या नळीला कोणी फोटोत घेत नाही, फेस मात्र तीच आवरते.

सिएटलच्या पिकोब्रू कंपनीची गोष्ट तर प्रत्येक खरेदीआधी आठवावी. २०१३ मध्ये किकस्टार्टरवर लोकांनी पैसे उभे केले, कॉफीच्या यंत्रासारखं बिअरचं यंत्र आलं. पुढची यंत्रं कंपनीच्याच तयार पाकिटांवर चालत आणि कंपनीच्याच सर्व्हरशी बोलत. २०२० मध्ये कंपनी बुडाली. शेवटी काही ग्राहकांनीच खटपट करून स्वतःचे सर्व्हर लिहिले, म्हणून यंत्रं चालू राहिली.

बादलीला सर्व्हर लागत नाही.

तर तो फोन. मित्राला विचारलं, "बादली कुठे ठेवतोस?"

"तळघरात. फर्नेसला खेटून. ऊब मिळते ना छान."

म्हटलं, पातेलं रविवारपर्यंत थांबू दे. त्याआधी दोन-तीन डॉलरची थर्मामीटरची पट्टी आण, बादलीला चिकटव आणि या खेपेचं यीस्ट टाकल्यावर दुसऱ्या दिवशी फोटो पाठव. कुरकुरला, पण आणली. शनिवारी रात्री फोटो आला.

ती पट्टी २६ अंशांना संपते. हिरवा झाला होता तो अगदी शेवटचा चौकोन.